दोन बोटं लाकूड

वर्षातून सहा-सात जत्रांत माझा फुग्यांचा फळा लागतो.
माळेगावला, परभणीच्या उरुसात,
मग जिथं जागा मिळंल तिथं.
वीस रुपयांत पाच छर्रे.
तिन्ही बंदुकांची माशी डावीकडं झुकलेली,
जरा, तांदळाच्या दाण्याएवढी.
मीच झुकवली, पक्कडीनं.
गिऱ्हाईक म्हणतं, आज हात हालतोय राव.
मी म्हणतो, होतं असं, आणखी पाच घ्या.

तर मला तनुजा म्हणाली,
पप्पा, शाळेकडून खेळायचंय. रायफल तुम्ही निवडा,
तुम्हाला कळतं त्यातलं.

मला कळतं ते काय, तिला माहीत नाही.
किंवा असंल.
सात वर्षांची होती तेव्हापासून
फळ्यामागं उभी राहून फुगे बांधते ती.

लातुरात एका तिसऱ्या मजल्यावर गेलो.
तिथला पोरगा नेमबाजी सोडून नीटच्या क्लासला लागलेला.
भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता,
पलंगाखाली चादरीत गुंडाळलेली रायफल.
त्याच्या आईनं ती बाहेर काढली
जशी लग्न होऊन गेलेल्या मुलीची सायकल काढावी.
मी आधी मोडून पाहिली, रिकामी आहे ना.
मग नळीला डोळा लावून खिडकीकडं धरली.
आत उजेड वळत वळत गेलेला,
एकाही जागी गंज नाही.
नळीत असा उजेड मी पहिल्यांदाच बघत होतो.
पोरानं पुस्तकातून मान वर केली नाही.
एवढंच म्हणाला, चाप हलका आहे काका,
बोट बाहेर ठेवायची सवय लावा आधी.

दस्ता लांब होता.
मुनीर मिस्त्रीनं तो तनुजाच्या कोपराच्या खोबणीत टेकवला,
बोट चापापर्यंत पोचंना.
दोन बोटं लाकूड कमी करा, मी म्हणालो.
करवत चालवण्याआधी त्यानं विचारलं,
फेकायचं नाही ना? पोर वाढंल. परत स्क्रूनं बसवू.
धाकटा सोहम तिथंच उभा.
त्याला तीन बोटं जास्त होत होती.
मग मिस्त्रीनं तीन चकत्या पाडल्या,
प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा.

नव्या विहिरीच्या मुरमाचा ढीग गावाबाहेर.
पलीकडं कुणी नाही, दोनदा जाऊन बघून आलो.
दहा मीटर टेपनं मोजले, पावलांनी नाही.
वीजबिलाच्या कोऱ्या बाजूवर काळा ठिपका.
ज्वारीचं अर्धं पोतं मांडलं, त्यावर नळी,
आणि श्वास सोडून पाच छर्रे.

एक रुपयाचं नाणं ठेवलं,
पाचही भोकं खाली गेली.
पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नाणं उचललंच नाही बराच वेळ.

मग उभ्यानं, खांद्याला लावून, नवा कागद.
पाचही छर्रे एका जागी.
पाचही ठिपक्याच्या डावीकडं.
वारा नव्हता. पोत्यावर तिचं खरं दिसलंच होतं.
तनुजा कागद हातात धरून म्हणाली,
तुम्ही फुग्याच्या शेजारी नेम धरता, पप्पा.

वीस वर्षं संध्याकाळी, गर्दी जमवायला,
मी स्वतः फुगे फोडून दाखवत आलो,
वाकड्या माशीला डोळ्यानं सांभाळून.
डोळा आता सरळ बघायला तयार नाही.

तिनं रायफल घेतली.
पहिला छर्रा कागदाबाहेर, मुरमात.
दुसरा कागदाच्या कोपऱ्याला.
मी काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं माझ्याकडं होतं काय.
चौथा ठिपक्याला लागला.
पाचव्याला तिनं बोट बाहेर काढलं, रायफल खाली केली,
आणि म्हणाली, आता हात दमला. उद्या.

चकत्या छर्ऱ्यांच्या डब्यात ठेवल्यात.
अजून एकही परत बसलेली नाही.

आणि परवा, उरुसाच्या आदल्या रात्री,
तीनपैकी एका बंदुकीची माशी मी सरळ केली.
कोणती, ते बायकोलाही सांगितलं नाही.
तनुजा फुगे बांधता बांधता आली,
तिन्ही एकेकदा उचलून बघितल्या,
मधली फळीवर पुढं ठेवली,
आणि परत फळ्यामागं गेली.